दहा बाटल्या आणि एक काचेची नळी: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सा. न. वि. वि.

मी रत्नागिरी जिल्ह्यातली, सड्याच्या म्हणजे कातळाच्या पठाराच्या पायथ्याला राहणारी शेतकरी बाई. भात, थोडे काजू आणि सासऱ्यांनी लावलेली हापूसची कलमं यांवर आमचं घर चालतं. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून मुद्द्याचं आधी लिहिते. गेल्या पावसाळ्यात पलीकडच्या वाडीतली एक शाळकरी मुलगी विंचू चावून गेली. त्यानंतरच्या ग्रामसभेला तालुक्याहून साहेब आले होते. माईक हातात घेऊन ते म्हणाले, "दसऱ्याच्या आत तुमच्या आरोग्य केंद्रात सापाची लस पुरेशी असेल आणि डॉक्टर रात्री मुक्कामाला असतील." आम्ही टाळ्या वाजवल्या. इतिवृत्तात ते वाक्य आहे, खाली सही-शिक्का आहे.

दसरा गेला. कापणी सुरू झाली आणि माझ्या यजमानांना पान लागलं, म्हणजे साप चावला.

संध्याकाळची वेळ. आभाळ भरून आलेलं, म्हणून कापून ठेवलेलं भात घाईघाईने उचलत होतो. भाऱ्याखाली हात घातला आणि हे ओरडले. फुरसं होतं. दीड वीत लांबीचं, वेटोळं करून अंगाला अंग घासत करकरत होतं. तो आवाज आमच्याकडे शेंबडं पोरही ओळखतं. बोटावर दोन बारीक टिपके, त्यातल्या एकावर रक्ताचा थेंब. दिसायला एवढंच.

पुढे आम्ही काय केलं ते नीट वाचावं ही विनंती, कारण दर वेळी छापून येतं की गावचे लोक भगताकडे नेतात आणि वेळ घालवतात. आम्ही भगताकडे गेलो नाही. दोरी आवळली नाही, ब्लेडने चिरलं नाही, कसला पाला चोळला नाही. आशाताईंनी शिकवलं होतं ते सगळं पाळलं. बोटातली अंगठी काढली, हात हलू दिला नाही, पुतण्याच्या मोटारसायकलवर यांना मध्ये बसवलं आणि दिवेलागणीला आरोग्य केंद्र गाठलं. सरकारने सांगितलेलं आमच्या बाजूचं काम इथे संपलं. तुमच्या बाजूचं इथून सुरू व्हायला हवं होतं.

केंद्रात एक सिस्टर आणि एक शिपाई. डॉक्टर मीटिंगला गेलेले, ते तिकडूनच घरी जाणार होते. लस होती, चार बाटल्या. विषबाधा झाली असेल तर सुरुवातीलाच ८ ते १० बाटल्या शिरेतून द्याव्या लागतात, हे सरकारच्याच उपचारपद्धतीत लिहिलेलं आहे. मला ते आता तोंडपाठ झालं आहे, त्या रात्री माहीत नव्हतं. सिस्टर रडवेल्या झाल्या होत्या. डॉक्टर नसताना लस चढवली आणि रिअ‍ॅक्शन येऊन माणूस दगावला, तर नोकरी कुणाची जाणार? त्यांची. मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी पुढे पाठवण्याची चिठ्ठी लिहिली. १०८ ला फोन केला तर गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. शेवटी गावातल्या एकाची ओम्नी काढली.

मोठ्या रुग्णालयात करारावरचे तरुण डॉक्टर होते. हाताला सूज फार नव्हती. "बिनविषारी असेल, सकाळपर्यंत बघू," असं म्हणाले. फुरसं आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं, ते सांगितलं, त्याची नोंदसुद्धा केली नाही. मध्यरात्रीनंतर यांनी चूळ भरली ती लाल. हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं, सुई टोचलेली जागा वाहायची थांबेना. मग पुन्हा चिठ्ठी, पुन्हा ओम्नी, आणि आंबा घाटातून कोल्हापूर.

कोल्हापूरच्या खाजगी दवाखान्यात गेल्या गेल्या पहिली गोष्ट काय केली माहीत आहे? काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडं रक्त घेतलं आणि ती नळी न हलवता उभी ठेवली. २० मिनिटांनी डॉक्टरांनी ती माझ्यासमोर आडवी केली. रक्त गोठलेलं नव्हतं, पाण्यासारखं वाहिलं. एवढीच तपासणी. तिला वीज लागत नाही, मशीन लागत नाही, मुंबईहून तज्ज्ञ लागत नाही. नळी फक्त काचेची हवी, प्लास्टिकची चालत नाही. ही नळी मधल्या रुग्णालयात नव्हती. मी विचारलं होतं, रक्त तपासा म्हणून पाया पडले होते. उत्तर मिळालं, लॅब सकाळी उघडते.

हे वाचले. पण मधल्या तासांत विषाने जे करायचं ते केलं. मूत्रपिंडं बसली, डायलिसिस करावं लागलं, बोटाचं पेर काढावं लागलं. सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड पुढे केलं तर म्हणाले, हा दवाखाना यादीत नाही. माझ्या बांगड्या सोसायटीत गहाण आहेत आणि पुढच्या हंगामाची कलमं आगाऊ कराराने गेली. शेतात भात पडून होतं, ते परतीच्या पावसात उगवून आलं. सासूबाई रात्रीच्या दचकून उठतात आणि यांच्या नाकाशी हात धरून बघतात. मंत्रिमहोदय, हा हिशेब तुमच्या कुठल्या रकान्यात बसतो?

कारण मेल्याचा रकाना आहे. साप किंवा विंचू चावून शेतकरी गेला, तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेतून घरच्यांना २ लाख मिळतात. हात गेला, पाय गेला, तरी काही मिळतं. पण मूत्रपिंडं निकामी होता होता राहिलेला, पेर गमावलेला, कर्जात बुडालेला जिवंत माणूस कुठेच बसत नाही. मेल्यावर २ लाख द्यायची तयारी असलेल्या सरकारला जिवंतपणी १० बाटल्या देता येत नाहीत, हे कुठलं गणित?

आता विंचवाचं सांगते. त्या मुलीला गडग्याचा, म्हणजे दगडी कुंपणाचा, दगड काढताना लाल विंचू चावला होता. फार ठणकत नव्हतं, म्हणून घरचे निश्चिंत राहिले. केंद्रात दुखायचं इंजेक्शन देऊन परत पाठवलं. लाल विंचवाचा धोका दुखण्यावर ठरत नाही. दरदरून घाम, उलट्या, बर्फगार हातपाय, मग फुप्फुसात पाणी. हे मी डॉक्टर म्हणून सांगत नाही, हे कोकणातच शोधलं गेलं म्हणून सांगते. सत्तरच्या दशकात महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात हिंमतराव बावस्कर नावाचा तरुण डॉक्टर आला. रात्र रात्र पेशंटच्या उशाशी बसून त्याने हे सगळं टिपून ठेवलं, प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी देऊन बघितली आणि माणसं वाचायला लागली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. शंभरात चाळीस दगावायचे, ते एकावर आले असं सांगतात. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री दिली, ते योग्यच झालं. पण ती गोळी आमच्या केंद्राच्या कपाटात का नाही? पदक दिल्लीत मिळतं आणि ज्या कोकणात तो शोध लागला, तिथली सातवीतली पोर त्याच विंचवाने जाते. तिची आई अजून गडग्याकडे पाठ करून बसते.

देशात वर्षाला सरासरी ५८,००० माणसं साप चावून मरतात, असा अभ्यास आहे. २००० ते २०१९ मध्ये मिळून १२ लाख. केंद्राने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणणार म्हणे. आणा. पण २०३० चा हिशेब दिल्लीत होणार आणि आमच्या केंद्रातल्या बाटल्या आज कोण मोजणार? लसीचंही तेच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर एकच लस, आणि तिच्यासाठी लागणारं विष बहुतेक सगळं तामिळनाडूतल्या साप पकडणाऱ्या इरुळा आदिवासींच्या सोसायटीतून येतं. प्रदेश बदलला की त्याच जातीच्या सापाचं विष बदलतं, हे शास्त्रज्ञ ओरडून सांगताहेत. मग आमच्या सड्यावरच्या फुरशाचं विष घेऊन आमच्यासाठी लस का होत नाही? परळला लस बनवणारी, शंभराहून जास्त वर्षांची हाफकिन संस्था आहे. पैसा नाही असं म्हणू नका, आमच्या डोळ्यांसमोर काय काय उभं राहतं ते आम्ही बघतो.

सापांबद्दल माझी तक्रार नाही. चिरेखाणीवर कामाला येणारे मजूर, बागा राखणारे नेपाळी, गवत कापणाऱ्या बायका, आम्ही सगळे त्यांच्या वाटेतच राहतो. काठी आपटत चालतो, चपला झटकून घालतो, चुडतं काढताना आधी पायाने हलवतो. ते जनावर आमच्या पायाखाली येतं, आम्ही त्याच्या बिळावर घर बांधतो. पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आलं आहे. तक्रार माणसांबद्दल आहे. माझ्या लहानपणापासून कोकणाचा कॅलिफोर्निया होतो आहे. मुंबई-गोवा महामार्गाचं काम सुरू झालं तेव्हा कडेवर असलेली पोरं आता कॉलेजात गेली, रस्ता अजून पुरा नाही. आजारी पडलं की सिंधुदुर्गाने गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयाला पळायचं, आम्ही कोल्हापूरला, रायगडने मुंबईला. प्रत्येकाने आपला जिल्हा सोडून दुसरीकडे जीव वाचवायचा. मतं मात्र इथेच द्यायची. वाड्या रिकाम्या होताहेत म्हणून व्यासपीठावर गळे काढता, मग राहिलेल्यांनी कशाच्या भरवशावर राहायचं?

मला यांच्यासाठी पैसे नकोत. माझ्या तालुक्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात सापाच्या लसीच्या किमान २० बाटल्या, रिअ‍ॅक्शन आवरायला अ‍ॅड्रेनॅलीन, प्राझोसिनच्या गोळ्या आणि काचेच्या नळ्या असाव्यात. किती शिल्लक आहे ते दारावरच्या फळ्यावर रोज लिहावं, म्हणजे आम्हाला वाचता येईल. रात्री डॉक्टर हवा, आणि तो येईपर्यंत फोनवरून मोठ्या डॉक्टरांचं ऐकून पहिली बाटली लावायचा लेखी अधिकार सिस्टरना द्या. त्यांच्या हातून काही झालं तर खातं मागे उभं राहील, हेही लेखी द्या.

मार्चमध्ये काजूचा हंगाम सुरू होईल. पालापाचोळ्यात हात घालून बिया वेचायला आम्ही बायकाच जातो. त्याच्या आधी मला उत्तर हवं आहे. ग्रामसभेतल्या माईकवरून नको, जावक क्रमांक घातलेल्या कागदावर हवं. इतिवृत्ताची प्रत सोबत जोडली आहे.

आपली,
रत्नागिरी जिल्ह्यातली एक शेतकरी