फोन उशापासून लांब ठेवा

संपादक महोदय,

झोप येत नाही म्हणून फोनवर पावसाचा आवाज लावायचा आणि फोन उशाशी ठेवून द्यायचा, हे आता घरोघरी चालतं. उपाय चांगला आहे, पण करण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी चुकते.

मंद आवाजाचं मुख्य काम म्हणजे बाकीचे आवाज झाकणं. झोपेतही कान ऐकतच असतात. जाग येते ती आवाज अचानक बदलल्यामुळे. 30 डेसिबलच्या शांत खोलीत बाहेरचा 60 डेसिबलचा हॉर्न शिरला, तर उडी 30 ची. खोलीत 40 डेसिबलची एकसारखी घरघर असली, तर तीच उडी 20 ची. मध्यरात्री वीज गेली की उकडायला लागण्याआधीच डोळे उघडतात, तेही याचमुळे. पंख्याचा आवाज एकदम तुटलेला असतो.

म्हणून संततधार पाऊस चालतो, गडगडाट नको. रेकॉर्डिंग निदान तासाभराचं घ्या. अर्ध्या मिनिटाचा तुकडा फिरून फिरून वाजला की त्याचा सांधा कानाला टोचू लागतो. ते आधीच उतरवून घेऊन फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर मध्येच जाहिरात किंचाळते. टायमर लावायचा तर आवाज हळूहळू विरत जाणारा हवा. फोन पलंगापासून दोन मीटर लांब ठेवा आणि आवाज इतकाच, की तो चालू असतानाही शेजारच्याची कुजबुज कळावी.

तान्ह्या बाळांबाबत तर हे कटाक्षाने पाळायला हवं. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या एका अभ्यासात 40 नवजात बाळं होती. खरखरीचा एकसुरी आवाज ऐकवलेल्या 20 पैकी 16 बाळं पाच मिनिटांत झोपली, न ऐकवलेल्या 20 पैकी 5. मात्र 2014 साली टोरांटोच्या संशोधकांनी बाळांना झोपवायची 14 यंत्रं तपासली, तेव्हा पूर्ण आवाजात तीन यंत्रं 85 डेसिबलच्या वर गेली. बाळांसाठी धरलेली मर्यादा होती 50! पाळण्याला यंत्र बांधू नका, आणि बाळ झोपलं की ते बंद करा. अंगाई गाणारी आई मूल पेंगायला लागलं की आवाज आपोआप खाली आणते; यंत्राला ते कळत नाही.

बाहेर डीजेचा दणदणाट असेल तर आतला आवाज वाढवून काही साधत नाही. तो खर्जातला ठोका भिंतीतून आत येतो, आणि फोनच्या एवढ्याशा स्पीकरला तो झाकता येत नाही. निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबलची मर्यादा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतच आहे. तिथे तक्रारच करायला हवी.

आणि छताचा पंखा असेल तर वेगळं काही लावायची गरजच नाही. फक्त तो टकटक करत असेल तर ती टकटकच झोप मोडते. पात्यांचे आणि वरच्या वाटीचे स्क्रू आवळून घ्या. वाटी दांड्याला किंवा छताला घासत असेल तर किंचित सरकवा.

– ध्वनी विषयाचे अभ्यासक वाचक, पुणे