विषय: ‘सिट्रुलीन मॅलेट 2:1’ असं छापलेल्या डब्यात 1:1 माल

प्रति,
व्यवस्थापक, गुणवत्ता विभाग

काल तुमच्या कस्टमर केअरला चौथा फोन झाला. पाचवा करणार नाही, म्हणून हे पत्र.

डब्यावर ‘सिट्रुलीन मॅलेट 2:1, एक स्कूप 8 ग्रॅम’ असं छापलंय, म्हणजे दोन भाग सिट्रुलीन (एक अमिनो आम्ल) आणि एक भाग मॅलिक ॲसिड. हे 2:1 वजनात असेल तर स्कूपमध्ये 5.3 ग्रॅम सिट्रुलीन हवं, रेणूंच्या हिशेबात असेल तर 5.8. यातलं कुठलं, ते लेबल सांगत नाही. सांगून फरकही पडला नसता, कारण आत दोन्हीपैकी काहीच नाही.

बिनचवीची 1 ग्रॅम पावडर पाण्यात विरघळवून 0.1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट केली, म्हणजे दर्शकाचा रंग बदलेपर्यंत किती अल्कली लागतं ते मोजलं; आम्ल जास्त तितकं अल्कली जास्त. दर्शक ब्रोमोथायमॉल ब्लू. (फिनॉल्फथॅलीन नको. त्याचा रंग बदलेपर्यंत सिट्रुलीनचा अमिनो गटही अल्कली खायला लागतो आणि आकडा फुगतो. तुमच्या लॅबला हे माहीत असेलच.) वजनी 2:1 ला साधारण 50 मिली लागायला हवं, रेणूंच्या हिशेबात 1:1 ला 65. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा 64 च्या पुढेच. म्हणजे रेणूला रेणू, सिट्रुलीन जेमतेम 57 टक्के. उरलेलं आम्ल मॅलिकच आहे असं मी तुमच्यावर विश्वास ठेवून धरलंय.

आता स्कूप. काठोकाठ भरून, सुरीने सपाट करून दहा वेळा तोलला, सरासरी 6.4 ग्रॅम. स्कूप आकारमान मोजतो, वजन नाही. पावडर भुसभुशीत झाली की वजन घटतं, एवढं तरी साचा बनवताना बघायचं. 6.4 चे 57 टक्के म्हणजे 3.6 ग्रॅम. कबूल केलं होतं निदान 5.3!

हे सगळं कालच्या प्रतिनिधीला सांगितलं. उत्तर आलं, “सर, मॅलेट म्हणजे सिट्रुलीनचंच स्ट्राँग व्हर्जन.” विचारलं, मग नुसतं एल-सिट्रुलीन घेतलं तर किती घ्यायचं? “सेमच सर, 8 ग्रॅम.” म्हणजे मॅलिक ॲसिडचं वजनही यांच्या लेखी सिट्रुलीनच! मग सहा मिनिटं होल्डवरचं संगीत, आणि सिनियर लाइनवर. त्यांनी आकडे ऐकूनच घेतले नाहीत. “सर, चव आंबट लागते ना? मग मॅलेट ओरिजिनल आहे.” मी म्हटलं, आंबटपणा ॲसिडचा आहे आणि माझी तक्रारच ॲसिड जास्त असल्याची आहे. त्यावर दोन क्षण शांतता, आणि मग, “पटत नसेल तर आमचं आर्जिनीन घ्या सर, शेवटी शरीरात जाऊन तेच होतं.” (आर्जिनीन हे दुसरं अमिनो आम्ल.)

तेच होत असतं तर तुम्ही सिट्रुलीन विकलंच कशाला असतं? तोंडावाटे घेतलेल्या आर्जिनीनचा बराच भाग आतडं आणि यकृत यांतलं आर्जिनेज हे विकर (एन्झाइम) रक्तात पोचण्याआधीच फोडून टाकतं. सिट्रुलीन त्यातून निसटतं आणि मूत्रपिंडात त्याचं आर्जिनीन होतं. तुमच्या मालाचं हे एकमेव भांडवल तुमच्याच सिनियरला ठाऊक नाही.

मला या बॅचचा तपासणी अहवाल हवाय, त्यात सिट्रुलीनचं प्रमाण एचपीएलसीने (घटक वेगळे करून मोजणाऱ्या पद्धतीने) मोजलेलं, मॅलिक ॲसिडचं वेगळं. ‘2:1’ वजनी की रेणूंचं, हे लेखी. आणि डब्याचे पूर्ण पैसे परत. कूपन पाठवू नका. एल-सिट्रुलीन आणि मॅलिक ॲसिड सुटं आणून तोलून मिसळणं मला जमतं, मग प्रमाण तरी माझ्या हातात राहतं.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर बॅच क्रमांक, काट्याचे आणि ब्युरेटचे फोटो सगळीकडे टाकीन. डब्यावर 2:1 आहे, आत 1:1 आहे, हे समजायला कुणाला रसायनशास्त्र लागत नाही.

– एक (माजी) ग्राहक

ता. क. सिनियरनी फोन ठेवता ठेवता “मग दीड स्कूप घ्या” असंही सुचवलं. त्याने 50 स्कूपचा डबा 33 दिवसांत संपतो. हा हिशेब मात्र त्यांना तोंडपाठ असावा.