दगडाचा रंग पाहून चिठ्ठी लावू नका

संपादक महोदय,

विज्ञान प्रदर्शने आली की शाळांतल्या टेबलांवर सांगे, केपे, डिचोलीकडचे दगड मांडले जातात. काळा नि जड असेल तर मँगनीज, लाल असेल तर लोहखनिज, अशा चिठ्ठ्या त्यांवर असतात. गोव्यात हा आडाखा हमखास फसतो. इथला हेमॅटाइट, म्हणजे मुख्य लोहखनिज, पुष्कळदा पोलादी करडा असतो. खाणीवर ज्याला ब्लू डस्ट म्हणतात तो निळसर भुगाही हेमॅटाइटच.

रंग नव्हे, कस पाहावा, म्हणजे दगड घासल्यावर उमटणाऱ्या पुडीचा रंग. पांढऱ्या पोर्सिलेन टाइलची झिलई नसलेली मागची बाजू घ्या. लाल मातीची टाइल चालत नाही, तिच्यावर हेमॅटाइटचा कस दिसणारच नाही. दगड आधी फोडा, कारण पावसाने गंजलेल्या सालीवर लिमोनाइट हे पिवळसर लोहखनिज असते आणि ती घासली तर आतल्या खनिजाचा नव्हे, सालीचाच पिवळा कस उमटतो. ताज्या कडेने ओढलेली रेघ लालसर तपकिरी आली तर हेमॅटाइट, पिवळसर तपकिरी आली तर गोएथाइट (हेही लोहखनिजच) किंवा लिमोनाइट. काळी आली तर मॅग्नेटाइट (चुंबकीय लोहखनिज) किंवा पायरोल्युसाइट (मँगनीजचे खनिज). त्यातला बोटे काळी करणारा बहुधा पायरोल्युसाइट. गारगोटीची कठिनता मोह्‌स श्रेणीवर 7, म्हणजे टाइलहून जास्त. तेव्हा उमटणारी पांढरी पूड टाइलची असते.

लोहचुंबक दोऱ्याला टांगून दगडाजवळ न्या. मॅग्नेटाइटकडे तो जोरात ओढला जातो. लाल कस असूनही किंचित ओढला गेला तर हेमॅटाइटमध्ये थोडा मॅग्नेटाइट शिल्लक आहे असे समजावे.

विशिष्ट गुरुत्वासाठी, म्हणजे दगड तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड आहे हे पाहण्यासाठी, स्प्रिंगकाटा पुरतो. हवेत 260 ग्रॅम आणि पाण्यात बुडवून 210 ग्रॅम भरले, तर फरक 50; 260 भागिले 50 म्हणजे 5.2. हेमॅटाइट व मॅग्नेटाइट दोन्ही याच्या आसपास, गारगोटी 2.65. सच्छिद्र तुकडा बुडबुडे थांबेपर्यंत भिजवावा, नाहीतर आकडा कमी येतो. चिऱ्याला, म्हणजे जांभ्या दगडाला, हे आकडे लावू नयेत. तो अनेक खनिजांचा मिळून झालेला खडक आहे.

चिठ्ठीवर नावाआधी कस, चुंबकाचा परिणाम आणि विशिष्ट गुरुत्व लिहायला लावावे, एवढीच शिक्षकांना विनंती. आणि चुनखडीसारखे फसफसते का बघू म्हणून काळ्या दगडावर हायड्रोक्लोरिक आम्ल कोणी टाकू नये. पायरोल्युसाइटशी त्याची क्रिया होऊन क्लोरीन वायू सुटतो; आम्ल तीव्र किंवा गरम असेल तर जास्तच.

– एक वाचक, केपे