विषय: 'कोकणातला कौटुंबिक उन्हाळा' कार्यक्रमातील चुकीच्या तारखा, उशिरा आलेली कागदपत्रे आणि थकलेली रक्कम

दि. ५ ऑगस्ट २०२४

प्रति,
व्यवस्थापक,
विद्यार्थी देवाणघेवाण विभाग

महोदय,

२९ जून ते २६ जुलै असे २८ दिवस आपल्या कंपनीमार्फत आलेले सहा जर्मन विद्यार्थी मालवण तालुक्यातल्या आम्हा पाच कुटुंबांकडे राहिले. मुलांबद्दल आमची काहीच तक्रार नाही. आहे ती आपल्या नियोजनाबद्दल.

जुलैत जर्मनीत उन्हाळा असतो हे मान्य. इथे मात्र मृग लागला की उन्हाळा संपला. माहितीपत्रकात सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी, स्कूबा आणि बंदरावरचा मासळी लिलाव छापलेला आहे. किल्ल्याच्या होड्या आणि जलक्रीडा २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतात. यांत्रिक नौकांच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते, त्यामुळे या दिवसांत लिलावाला माल येणार कुठून? घरोघरी सुकट आणि सुके बोंबील. त्या वासाची कल्पना मुलांना आपण आधी द्यायला हवी होती. 'यजमान भावंडांसोबत दिवस' हेही तसेच. आमची शाळा १५ जूनच्या सुमारास सुरू होते. भावंडे संध्याकाळी चिखलाने भरून घरी येतात आणि गृहपाठाला बसतात.

ज्याला आपण कौटुंबिक उन्हाळा म्हणता, तो इथे एप्रिल-मे महिन्यांत असतो आणि त्याला कडक ऊन लागते. रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळांची, साले आगळात (त्यांच्याच रसात) बुडवायची, खळ्यात वाळवायची, पुन्हा बुडवायची. असे चार-पाच वेळा केले की आमसूल होते. मधेच एक सर आली तर बुरशी धरते. आंबापोळीचा एक थर सुकल्याशिवाय दुसरा घालता येत नाही. त्यात लाकडे, सुकी मासळी, डाळी-तांदूळ अशी आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायची असते. एका घरात सहा माणसे कमी पडतील इतके काम! जुलैत आपल्या विद्यार्थ्यांना शिकवायला आमच्या हाती उरली ती भातलावणी.

लावणीबद्दल मात्र गंभीरपणे लिहावे लागते. सिंधुदुर्गात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस होतो. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून जंतू पायाच्या जखमेवाटे शरीरात शिरतात. मुलांना अनवाणी शेतात उतरवा, असे आपल्या पत्रकात होते. गमबूट, जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी, प्रतिबंधक गोळ्यांबाबत आरोग्य केंद्राचा सल्ला, यातल्या कशाचाही उल्लेख नव्हता. आरोग्य माहितीच्या अर्जात 'शाकाहारी की मांसाहारी' एवढाच प्रश्न. काजूची ॲलर्जी विचारलीच नाही, तीही कोकणात पाठवताना. आंब्याचा चीक आणि काजूच्या टरफलातले तेल, दोन्हींनी काहींच्या कातडीवर पुरळ उठते, हेही अर्जात असायला हवे.

परदेशी पाहुणा घरी आल्यापासून २४ तासांत त्याची माहिती परदेशी नागरिकांच्या नोंदीसाठी असलेल्या सरकारी पोर्टलवर भरणे ही यजमानाची जबाबदारी असते. त्यासाठी प्रत्येक घराची नोंदणी आधी व्हावी लागते आणि ती जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाकडून मंजूर व्हावी लागते. ही गोष्ट आम्हाला २७ जूनला कळली. मुले शनिवारी दुपारी कुडाळला उतरली. व्हिसाच्या प्रती सोमवारी सकाळी आल्या, त्याही मोबाइलवरचे अस्पष्ट फोटो. दोन पासपोर्टच्या क्रमांकात शून्य की 'ओ' हे कळेना. जर्मन पासपोर्टच्या क्रमांकात 'ओ' वापरतच नाहीत, ते शून्यच असते. एवढे सांगायलाही आपल्या मदत क्रमांकावर कुणी नव्हते. खुलासा आम्हीच ओरोसला, जिल्ह्याच्या मुख्यालयी, जाऊन दिला.

करारानुसार प्रत्येक विद्यार्थ्यामागे रोज ९०० रुपये, म्हणजे २८ दिवसांचे २५,२०० रुपये. हाती आले १५,०००. सहा विद्यार्थ्यांचे मिळून ६१,२०० रुपये बाकी आहेत. 'कार्यक्रमातील उपक्रम पूर्ण न झाल्याने कपात' असे आपले कारण. समुद्र आम्ही बंद केला नव्हता. शिवाय प्रत्येक घराकडून घेतलेले नोंदणी शुल्क २,००० रुपये कशासाठी होते, हे पावतीवरही लिहिलेले नाही.

बाकी रक्कम १५ दिवसांत जमा करावी आणि नोंदणी शुल्क परत करावे. पुढच्या वर्षी मुले पाठवायची असतील तर ईस्टरच्या सुट्टीत, दोन आठवड्यांसाठी पाठवा. आमच्या पोरांच्या परीक्षा तेव्हा चालू असतील, पण हापूस असेल, होड्या चालू असतील आणि खळ्यात ऊन असेल. जुलैच हवा असेल तर पत्रकावर ठळक अक्षरांत 'पावसाळा' छापा. कपडे वाळायला दोन-तीन दिवस लागतात, वीज जाते आणि कोकण रेल्वे या दिवसांत वेगळ्या पावसाळी वेळापत्रकाने धावते, हेही लिहा. दोन्ही बाबतींत पासपोर्ट व व्हिसाच्या स्पष्ट स्कॅन प्रती किमान १० दिवस आधी आमच्याकडे यायला हव्यात.

सोबत कराराची प्रत, नोंदणी शुल्काच्या पाच पावत्या आणि आपल्या कपातीच्या पत्राची प्रत जोडली आहे. बँक खात्यांचा तपशील करारातच आहे.

आपले,
पाच यजमान कुटुंबे
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग