यंदाची शेव घरीच करू

रतलाम
कोजागरी पौर्णिमा

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

परवा आई फोनवर म्हणाली की मनगटे आता साथ देत नाहीत, त्यामुळे यंदा दिवाळीला शेव करायची नाही, आणि बाबांना डॉक्टरांनी मीठ व तळलेले कमी करायला सांगितले असल्याने बाहेरूनही आणायची नाही. असे विषय फोनवर नीट बोलता येत नाहीत, म्हणून हे पत्र. माझे म्हणणे एवढेच आहे की शेव बंद करू नये. ती थोडी करावी, आणि कष्टाचा भाग माझ्याकडे द्यावा. मी वसुबारसेला जळगावला पोहोचते आहे. पितळी सोऱ्याचा दांडा मी फिरवीन, कढईपाशी मीच उभी राहीन. आईने खुर्चीवर बसून पीठ पाहावे आणि सांगावे.

आई, तू सांगणे मला खरोखरच हवे आहे. डाळीच्या पिठात गव्हासारखे ग्लूटेन नसते, त्यामुळे मळताना ते ताणले जात नाही आणि जमले की बिघडले हे हाताला लवकर कळत नाही. मोहन जास्त पडले तर शेव तेलात विरघळते, कमी पडले तर दाताला कडक लागते, आणि पीठ घट्ट राहिले तर सोऱ्या दाबताना सगळा भार मनगटावर येतो. तुझी मनगटे दुखण्यामागे इतकी वर्षे फिरवलेला तो दांडा आहे, असे मला मनापासून वाटते. ओवा वाटून, पाण्यात भिजवून, फडक्याने गाळून घ्यायची तुझी पद्धत तर मी कधीच सोडणार नाही, कारण ओव्याचा एक दाणा जरी जाळीत अडकला तरी पुढचा सगळा चवंगा तुटक पडतो.

येथे रतलामात शेवेची पद्धत निराळी आहे. या शहराची ओळख सेव, सोना आणि साडी अशी सांगतात, आणि रतलामी शेवेला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. बाजारातल्या जुन्या दुकानात कारागीर कढईवर मोठा झारा आडवा ठेवतो, त्यावर पिठाचा गोळा टाकतो आणि तळहाताने तो पुढे रेटत राहतो. खाली तेलात आखूड, कमी-जास्त जाडीचे तुकडे पडतात आणि काही क्षण कढईभर पांढरा फेस उसळतो. तो फेस म्हणजे पिठातल्या पाण्याची वाफ. फेस ओसरला की शेव आतपर्यंत कोरडी झाली असे समजून तो लगेच काढतो, रंग चढायची वाट पाहत नाही, कारण काढल्यावरही ती स्वतःच्या उष्णतेने थोडी शिजतच राहते. हे पाहिल्यापासून मला आईच्या "बुडबुडे थांबले की काढ" या सूचनेची किंमत अधिक कळू लागली आहे. लवंग आणि काळी मिरी घातलेली इथली शेव मला फार आवडते. पोह्यांवर ती भुरभुरली की आणखी कशाची गरज लागत नाही.

तरीही तुमच्यासाठी ती भाजीला आणणार नाही. रतलामी शेव खुसखुशीत असल्याने रश्श्यात पडताच मऊ होऊन जाते, आणि आपल्या खानदेशी शेवभाजीला जाड, तिखट, कमी मोहनाची शेवच लागते. कांदा आणि सुके खोबरे भाजून वाटलेला तो काळा रस्सा, सोबत कळण्याची भाकरी, आणि शेव अगदी पानात वाढताना घातलेली, म्हणजे तिचा कुरकुरीतपणा निम्मा तरी टिकतो. मालव्यातही टोमॅटोच्या रश्श्यात शेव घालतात आणि ती चांगलीच लागते, परंतु घरी आल्यावर मला आपलीच हवी.

बाबा, तुमच्या पथ्याचा विचार मी केला आहे. घाणा लहान ठेवू, मीठ निम्मे घालू आणि चव मिरी, हिंग व ओव्यावर राखू. एका वेळी वाटीभर नव्हे, मूठभर घ्यावी, आणि तेही डॉक्टरांना विचारून. बाहेरच्या शेवेबद्दल माझी खरी काळजी तेलाची आहे. तेच तेल पुनःपुन्हा तापवले की त्यात अपायकारक संयुगे वाढत जातात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून असा नियम केला आहे की तळणाच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगे, म्हणजे तापून तेल बिघडल्याने तयार होणारी संयुगे, २५ टक्क्यांहून अधिक झाली की ते तेल वापरू नये. कोणत्या दुकानात तो कितपत पाळला जातो, हे गिऱ्हाइकाला समजायला मार्ग नसतो. घरी आपण ताजे शेंगदाणा तेल घेऊ आणि ते एकाच तळणाला वापरू. तेल पुरेसे तापलेले असले म्हणजे शेव कमी तेल पिते, त्यामुळे घाई करून गार तेलात सोऱ्या धरायचा नाही, हेही मी लक्षात ठेवीन.

बाबांना एक काम सांगते. हरभऱ्याची डाळ दोन दिवस उन्हात ठेवून मगच गिरणीवर न्यावी, आणि लाडवाचे पीठ जाडसर व शेवेचे बारीक असे दोन वेगळे डबे करून ठेवावेत. शेवेचे पीठ मी आल्यावर चाळून घेईन, ते आईने करत बसू नये. सोऱ्याच्या जाळ्या मात्र आत्ताच शोधून ठेवाव्यात. जाड शेवेची जाळी गेल्या वर्षी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, चकलीच्या ताटलीखाली होती. तिथे हात पोहोचत नसेल तर स्टुलावर चढू नका, मी आल्यावर काढीन.

कळावे, लोभ असावा.

तुमची
ताई