गळलेलं शिंग जंगलातच राहू द्या : वनमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : उन्हाळ्यात जंगलात चालणारी सांबर-चितळांच्या गळलेल्या शिंगांची वेचणी

मंत्रिमहोदय, सप्रेम नमस्कार.

येत्या १५ फेब्रुवारीला राज्यात वणव्याचा हंगाम सुरू होईल आणि १५ जूनपर्यंत चालेल. जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे) काढणं, हंगामी फायर वॉचर नेमणं, गावोगाव बैठका घेणं, ही तयारी आपल्या खात्यात आतापासूनच चालू असणार. त्या बैठकांत मोहफुलांचा विषय निघतो, तेंदूपानांचा निघतो, विडीच्या थोटकाचाही निघतो. शिंगांचा सहसा निघत नाही. तो या वर्षी निघावा म्हणून हे पत्र.

मी मेळघाटाच्या पायथ्याशी, परतवाड्याकडे राहतो. आमच्या भागात सांबराचा नर साधारण मार्च-एप्रिलमध्ये शिंगं टाकतो. तोवर नोव्हेंबर-डिसेंबरातला माज उरकलेला असतो आणि नर त्यात अंगानं खंगलेला असतो. सागाची पानं गळून जंगल उघडंबोडकं झालेलं असतं. सिपना, खापरा यांसारख्या नद्यांचं वाहणं थांबतं, उरतात ते डोह. या दिवसांत शिंगं शोधणारा कुठे जाईल? सांबर दिवसभर ज्या नाल्याच्या सावलीत दडून बसतं तिथे, आणि तिन्हीसांजेला ज्या डोहावर उतरतं तिथे. मोहफुलं वेचणाऱ्या बाईचं झाड ठरलेलं असतं. ती पहाटे येते, झाडाखाली वेचते, ऊन चढलं की टोपली घेऊन घरी जाते. शिंगवाल्याला ठरलेली जागा नसते, तो नाल्यानाल्यानं जंगल पिंजून काढतो. एखाद दिवशी सांबर उठलं तर काही बिघडत नाही. पण आसपास एकच डोह उरलेला असताना रोज कुणी ना कुणी त्याच्या काठी खुडबुडत राहिलं, तर जनावर पाण्याची वेळ टाळतं, भर उन्हात पळतं, आणि अंगात उरलंसुरलं आहे तेही खर्चून बसतं.

त्याहून वाईट आहे ती काडी. सागाच्या जंगलात एप्रिलमध्ये पाचोळ्याचा थर घोटा बुडेल एवढा असतो आणि शिंगही त्याच मळकट तपकिरी रंगाचं, त्यामुळे चार हातांवर असलं तरी दिसत नाही. पाचोळा जळाला की काळ्या जमिनीवर ते लांबूनच उठून दिसतं. मोहाच्या झाडाखालचा पाला जाळतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर आपलं खाते बोलतंही. शिंगांसाठीही आग लावतात, हे जंगलात उभी हयात घालवलेली वनखात्याची माणसं खासगीत सांगतात. आग लावणारा क्वचितच हाती लागतो, त्यामुळे हे कारण कागदावर फारसं येत नाही. एका सांबराच्या जोडशिंगापायी किती हेक्टर जळतं याचा हिशोब मग कोण ठेवणार?

यावर एक प्रश्न हमखास येतो, आणि तो प्रामाणिक आहे : ‘गळून पडलेलंच तर उचललं, त्यात जनावराचं काय गेलं?’ मारलं नाही, जखमी केलं नाही, सापळा लावला नाही. झाडाखाली पडलेला आंबा उचलावा तसं शिंग उचललं. शिकाऱ्याला आणि याला एकाच मापानं मोजणं मलाही पटत नाही. पण काहीच गेलं नाही, हे खरं नाही. नाल्यात पडून राहिलेलं शिंग हातात घेऊन पाहा. टोकं कुरतडलेली असतात, कडेनं दातांच्या जोडीचे समांतर चरे उमटलेले असतात, कधी कधी अर्धी फांदीच खाऊन संपलेली असते. हे काम साळिंदराचं आणि उंदरांचं. साळिंदराचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवायलाही शिंग लागतं आणि त्यातला चुना-फॉस्फरस अंगालाही लागतो. हरणंसुद्धा हाडं-शिंगं चघळताना दिसतात. पुन्हा पावसाळ्यात मखमलीसारख्या कातडीखाली नवं शिंग वाढवायचं, तर त्याचा काही माल नराच्या स्वतःच्या हाडांतून निघतो. म्हणजे जमिनीतून चाऱ्यात, चाऱ्यातून हाडात, हाडातून शिंगात आणि शिंगातून परत जमिनीत, असं हे चाललेलं असतं. पोत्यात भरून परतवाड्याला किंवा नागपूरला गेलेलं शिंग त्या फेऱ्यातून कायमचं बाहेर पडतं.

कायदा याबाबत मोघम नाही. १९२७च्या भारतीय वन अधिनियमात जंगलातली शिंगं ‘वनउपज’ म्हणून मोजलेली आहेत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली ती सरकारी मालमत्ता ठरतात. २००६च्या वनहक्क कायद्यानं गौण वनउपजावर गावाचा हक्क मान्य केला, पण तो वनस्पतिजन्य उपजापुरता. वन्यप्राण्याच्या शरीराचा भाग काढण्याचा परंपरागत हक्क त्यानं स्पष्टच वगळला आहे. शिंग जवळ बाळगणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे, आणि ते बेकायदा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्याकडे सापडलं त्याच्यावर. कायदा एवढा कडक का, तेही समजण्यासारखं आहे. आपसूक गळलेल्या शिंगाचा बुंधा खडबडीत आणि गोलसर असतो, मारलेल्या जनावराच्या शिंगाला कवटीचा तुकडा चिकटलेला असतो किंवा करवतीची सपाट खूण असते. कुणीही पाहून सांगेल. पण एकदा त्याचे वीतभर तुकडे पाडले, चाकूची मूठ केली किंवा भुकटी केली, की दोन्हींत फरक उरत नाही. गळलेल्याला मोकळीक दिली की मारलेलंही त्याच पोत्यातून निघून जातं. आपल्या देशाच्या निर्यात धोरणात एकेकाळी सांबर-चितळांच्या गळलेल्या शिंगांच्या वस्तूंना सूट होती, हा इतिहास आपल्या खात्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

मग माझं म्हणणं काय? बंदी बरोबर आहे, फक्त तिचं टोक भलत्याच माणसाकडे वळलेलं आहे.

वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये लिहिलं आहे की, अशी वस्तू हाती आली तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावं आणि मागितल्यास ती जमा करावी. कायद्यानं प्रामाणिक माणसाला दिलेली ही वाट आहे. पण मेळघाटातल्या सेमाडोह-हरिसालकडच्या कुठल्याही गुराख्याला विचारा, की शिंग सापडलं तर चौकीवर नेशील का? तो हसेल. न्यायला गेलो आणि मलाच धरलं तर? कुठून आणलं, कधी आणलं, अजून किती आहेत? त्यापेक्षा आठवडी बाजारात घेणारा बरा, तो प्रश्न विचारत नाही. आता याच्याच शेजारी दुसरं चित्र ठेवा. ज्यांच्या दिवाणखान्यात आजोबांनी मारलेल्या सांबराची डोकी टांगलेली होती, त्यांच्यासाठी २००३ मध्ये केंद्रानं खास नियम काढले आणि अशा वस्तू जाहीर करायला १८० दिवसांची मुदत दिली. २०२२च्या दुरुस्तीत मालकीचा दाखला असलेल्यांना त्या वस्तू परत करण्याची सोयही झाली. माझी तक्रार त्या सोयींबद्दल नाही. बंगल्याला १८० दिवस मिळू शकतात, तर कोरकू गुराख्याचे ४८ तास निदान खरे तरी ठरावेत.

अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या राज्यांत हाच प्रश्न हिवाळ्यात उभा राहतो. तिथे एल्क आणि म्यूल डिअर ही हरणं बर्फामुळे डोंगरावरून खाली उतरतात, अंगावरच्या चरबीवर कशीबशी तग धरतात, आणि नेमके त्याच वेळी शिंगं शोधणारे त्यांच्या मागे लागतात. शिंगं वेचणं तिकडे गुन्हा नाही, तरीही वायोमिंगनं आणि २०१८पासून कोलोरॅडोनंही आपापल्या पश्चिम भागात १ जानेवारी ते ३० एप्रिल सार्वजनिक जमिनीवर वेचणी बंद केली. युटामध्ये हंगामात वेचणाऱ्याला आधी ऑनलाइन शिष्टाचाराचा वर्ग पूर्ण करावा लागतो, आणि २०२३च्या जबर बर्फात तर राज्यभर वेचणीच बंद ठेवली गेली. थोडक्यात, जनावर अर्धमेलं असताना त्याच्या अंगणात शिरू नये, एवढी लाज त्यांनी नियमात बसवली. त्यांचा हिवाळा तो आपला उन्हाळा. त्यांच्याकडे भूक, आपल्याकडे तहान.

हे उदाहरण देताना एक धोका मला दिसतो. वायोमिंगमधल्या जॅक्सनजवळ १९१२ साली स्थापन झालेलं एल्कचं अभयारण्य आहे. तिथली शिंगं बॉय स्काउट गोळा करतात, गावात त्यांचा लिलाव होतो आणि पैशाचा मोठा भाग अभयारण्याकडेच जातो. कुणीतरी उद्या आपल्या टेबलावर असाच प्रस्ताव ठेवेल : वनसमितीनं गोळा करावीत, खात्यानं विकावीत, पैसा गावाला. ऐकायला गोड आहे, पण कृपया त्यावर सही करू नका. तिथे एल्कची शिकारच परवान्यानं चालते, त्यामुळे बाजारात आलेल्या शिंगाची कुणाला भीती नाही. आपल्याकडे बाजाराला तोंड फुटलं की त्याची भूक गळलेल्या शिंगांवर भागणार नाही. याच कारणासाठी शिंग जमा करणाऱ्याला पैसे द्यावेत असंही मी म्हणणार नाही. पैसे मिळू लागले की लोक गुरं सोडून शिंगंच शोधत फिरतील. पोच द्या, चहा पाजा, नाव विचारताना आवाज चढवू नका. तेवढं पुरे.

आणि मागणीकडे पाहा. सांबरशिंग महाराष्ट्राच्या घराघरांत होतं. छातीत भरलं, कुठे सूज आली, की सहाणेवर उगाळून लेप लावायचा. आमच्या घरातही बोटभर लांबीचा एक तुकडा होता, वापरून वापरून एका बाजूनं तिरका झिजलेला. तो कुठून आला हे कुणी कधी विचारलं नाही. आजही जडीबुटीवाल्याच्या फडक्यावर तो मिळतो, आणि शृंगभस्म तर ग्रंथोक्त औषध आहे. आयुर्वेदाशी माझं भांडण नाही. पण परवानाधारक कारखान्यात हे भस्म बनत असेल तर त्याचं कच्चं शिंग कुठून आलं, हा प्रश्न अन्न व औषध प्रशासनानं विचारायला हवा आणि आपल्या खात्यानं त्यांना तो विचारायला लावायला हवा. जंगलालगतच्या रिसॉर्टांच्या भिंतींवरची शिंगं, शिंगाच्या मुठीच्या छड्या, इंटरनेटवर ‘अँटिक’ म्हणून विकायला ठेवलेल्या वस्तू, यांचीही झडती घ्या. जंगलात दिवसभर एका गुराख्यामागे फिरण्यापेक्षा ते सोपं आहे. खरेदीदारांचे पत्ते असतात, जीएसटी क्रमांक असतात.

माणसांच्या जिवाचाही प्रश्न यात आहेच. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. तेंदूपाने हे पोटाचं साधन आहे, ते बंद करा असं कुणी म्हणू नये. पण सांबर म्हणजे वाघाचं आवडतं खाद्य. सांबराच्या दडणीत वाकून, नजर जमिनीवर ठेवून एकट्यानं फिरणारा माणूस स्वतःहून वाघाच्या ताटाजवळ जातो. हे गावातल्या बैठकीत कुणीतरी सांगायला हवं, आणि ते मराठीबरोबर कोरकूत आणि गोंडीतही सांगायला हवं.

तेव्हा मागणं मोजकंच आहे. वणव्याच्या हंगामाआधी आपण एक परिपत्रक काढावं. शिंगांची वेचणी बंद आहे आणि का बंद आहे, हे प्रत्येक ग्रामसभेत वाचून दाखवावं. शिंग सापडलं तर ते जिथे आहे तिथेच ठेवावं, हा पहिला सल्ला. कुणी ते ४८ तासांच्या आत घेऊन आलाच, तर वनरक्षकानं पोच द्यावी, जागेची नोंद करावी आणि त्या माणसावर गुन्हा नोंदवू नये. मात्र बुंध्याला कवटीचा तुकडा असेल तर चौकशी व्हावी, त्यात सवलत नको. वणव्याच्या नोंदवहीत कारणांच्या रकान्यात ‘शिंगवेचणी’ असा वेगळा पर्याय असावा, म्हणजे दोन-तीन हंगामांत खरं चित्र तरी समोर येईल.

एप्रिल उजाडेपर्यंत परिपत्रक मंत्रालयातच राहिलं तर या वर्षीची शिंगं गेली म्हणून समजा. म्हणून विनंती अशी की, फेब्रुवारीचा पहिला आठवडा संपायच्या आत ते मेळघाट, पेंच, ताडोबा, नवेगाव-नागझिरा आणि बोरच्या क्षेत्र संचालकांच्या हाती पडावं, आणि त्याची प्रत ग्रामसभांनाही थेट जावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मेळघाटाच्या पायथ्याचा एक रहिवासी