नवऱ्याच्या सहीची अट कशासाठी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतील एका बिडी कामगार महिलेबरोबर कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेच्या चौकशीसाठी शहरातील एका खासगी रुग्णालयात गेले होते. तीन मुलांची आई असलेल्या या बाईने सगळे कागद वाचून सही केली. तरी ‘मालकांची सही आणा, उद्या भांडायला तेच येतात’ असे सांगून अर्ज परत देण्यात आला. नवरा ट्रकवर होता. त्याने फोनवर ‘सध्या राहू दे’ एवढेच म्हटले आणि विषय तिथेच संपला.

ही अट कायद्यात नाही. नसबंदीसाठी जोडीदाराची संमती आवश्यक नसल्याचे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. गर्भपाताबाबतही १९७१ च्या कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नातेवाईक गोंधळ घालतात ही कर्मचाऱ्यांची भीती खोटी नाही, हे मान्य. पण त्या भीतीची किंमत रुग्ण स्त्रीने का मोजावी? घरात नवऱ्याचा शब्द मोडण्याचे धैर्य कसेबसे गोळा करून ती दवाखान्याची पायरी चढते आणि तिथून तिला पुन्हा त्याच्याच परवानगीसाठी माघारी धाडले जाते. घरातील सत्तेवर अशा रीतीने बाहेरच्यांचेही शिक्कामोर्तब होते.

शिवाय शस्त्रक्रियेचा भार कोण उचलते तेही पाहावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात स्त्री नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आहे, तर पुरुष नसबंदीचे अवघे ०.३ टक्के, वास्तविक पुरुषांची बिनटाक्याची शस्त्रक्रिया अधिक सोपी आणि कमी जोखमीची असते. म्हणजे देह तिचा, दुखणे तिचे, आणि हो-नाही मात्र त्याचे.

‘बाई कमावती झाली की तिला घरात आवाज मिळतो’ असे आपण सहज म्हणतो. सोलापुरात त्यावर विश्वास ठेवणे अवघड जाते. इथल्या हजारो बायका मांडीवर सूप घेऊन दिवसभर बिड्या वळतात, त्या मजुरीवर मुलांची शाळा आणि घरभाडे निघते. याच बायकांनी मोर्चे काढून, वर्षानुवर्षे चिकाटीने लढून कुंभारीच्या माळावर दहा हजार घरकुले मिळवली. सरकारशी भांडून घर मिळवणाऱ्या बाईला चौथे मूल नको हे ठरवण्याचा अधिकार मात्र नवऱ्याच्या फोनवर अवलंबून राहतो, हे संतापजनक आहे.

महापालिकेच्या आरोग्य विभागाने आणि जिल्हा शल्यचिकित्सकांनी शहर-जिल्ह्यातील सर्व सरकारी व खासगी रुग्णालयांना याबाबत लेखी सूचना द्यावी, आणि ‘पतीच्या सहीची आवश्यकता नाही’ असा फलक मराठी, तेलुगू व कन्नड या तिन्ही भाषांत नोंदणीच्या खिडकीवर लावण्यास सांगावे, ही विनंती.

आपली,
एक वाचक, सोलापूर